फाटकापर्यंतचा खेळ

साऱ्या मीरा रोडमध्ये, आणि माझा अंदाज विचाराल तर साऱ्या देशात, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम पैसे मोजून विकत घेणारा त्या काळी एकच माणूस होता, आणि तो आमच्या समोरच्या दारात राहत असे. निनाद, परवा तू फोनवर कुरकुरत होतास की खेळ बनवायच्या तुझ्या प्रोग्रॅमचं लायसन अपग्रेड करायला कंपनी यंदा भलतीच रक्कम मागतेय. मागून सई म्हणाली, "आजीला काय कळणार आहे त्यातलं?" फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत बसले. खेळाचा प्रोग्रॅम, त्याचं लायसन, त्याचं अपग्रेड आणि त्याची दरवर्षी चढणारी किंमत यांवर तुम्ही दोघं जन्मायच्या आधी मी इतकं ऐकलेलं आहे की त्यावर परीक्षा असती तर मी पहिली आले असते. म्हणून हे नीट, सुरुवातीपासून लिहिते. तुमचे बाबा त्या गृहस्थांना 'समोरचे काका' म्हणत; इथे मीही तेच म्हणते. समोरासमोर मात्र मी त्यांना भावोजी म्हणत असे आणि ते मला, साऱ्या बिल्डिंगप्रमाणे, 'बाई' म्हणत, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवत होते.

समोरचे काका मुंबईतल्या एका कापड गिरणीत डिझायनर होते. साडीच्या काठावरचा मोर असो की पदरावरची कोयरी, ती आधी चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढायची आणि मग त्या कागदावरून मागाची जुळणी व्हायची. उभं आयुष्य त्यांनी चौकोन रंगवले. गिरणी बंद पडली, हाताशी थोडी रक्कम आली, आणि तेव्हा अनेकांनी केलं तेच त्यांनी केलं: बायको आणि लग्नाची मुलगी यांना घेऊन मीरा रोडला आले. आम्हीही त्याच वर्षी आलो. नया नगर ओलांडून पुढे आलं की वस्ती विरळ व्हायची, आमच्या गॅलरीतून मिठाचे ढीग दिसत, पाणी टँकरनं येई आणि वीज तिच्या मर्जीनं. मुलीचं लग्न होऊन ती मस्कतला गेली आणि काकांचे हात रिकामे झाले. त्या रिकामपणात ते एकदा नया नगरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये डोकावले. तिथे कुणीतरी पडद्यावर खेळ खेळत होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला टेकेल इतके वाकले, आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन जाहीर केलं, "बाई, हे तर आपलेच चौकोन आहेत. फक्त हलतात." उरलेली रक्कम कॉम्प्युटरमध्ये गेली. काकू म्हणाल्या, "चांगलं झालं. आता हे हलणार नाहीत, चौकोन हलतील."

पण हे वेड नुसतं वेड राहिलं असतं, ते तसं राहिलं नाही याला कारण त्यांची नात. घरी फोन मिळायला तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागे. दर शुक्रवारी, मस्कतला सुट्टी असते म्हणून, काका-काकू स्टेशनजवळच्या आयएसडी बूथवर जात. भिंतीवर बिलाचे लाल आकडे पळत. काकू बोलत आणि काका आकड्यांकडे बघत उभे राहत. मुलीला येणं जमत नव्हतं. जावयाच्या कंपनीचं तिकीट त्याच्या एकट्यापुरतं होतं, दोघींचं पदरचं काढावं तर तिथलं घरभाडंच त्यांना पुरून उरत होतं, आणि सासऱ्याकडून तिकीट घेणं जावयाला कमीपणाचं वाटे. 'पुढच्या मे महिन्यात बघू' हे वाक्य दर मे महिन्यात एक वर्ष पुढे सरके. नात तिकडेच जन्मली, तिकडेच बोलायला लागली, आणि एका शुक्रवारी मुलगी हसत म्हणाली, "आबा, हिला वाटतं तुम्ही फोनमध्येच राहता." काकूंनी ही गंमत बिल्डिंगभर सांगितली. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. "बाई, तिला घर दाखवायला हवं. स्टेशनवर उतरायचं आणि चालत चालत आपल्या दारात यायचं, असा खेळ काढतो."

"फोटो पाठवा की," मी म्हटलं.

"फोटोत चालता येत नाही," ते म्हणाले.

खेळ बनवायचा प्रोग्रॅम विलायतेतली एक लहानशी कंपनी विकत असे. त्याचं एक लायसन घरगुती वापरासाठी आणि एक व्यावसायिक, आणि व्यावसायिकाची किंमत घरगुतीच्या तिप्पट. तुमच्या आजोबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना घरगुती घ्या म्हणून सांगितलं. काकांनी गॅसचं उदाहरण दिलं. "घरगुती सिलिंडर हॉटेलात लावला तर काय होतं? धाड पडते. चौकोन रंगवणं हा माझा व्यवसाय आहे. मी घरगुती कसा घेऊ?" पौंडांचा ड्राफ्ट काढायला बँकेत गेले तर अर्जावरचं कारण वाचून साहेबांनी वर पाहिलं. "खेळण्यासाठी परकीय चलन?" काकांनी त्यांना शांतपणे समजावलं की खेळण्यासाठी नव्हे, खेळ बनवण्यासाठी, आणि तोही व्यावसायिक. साहेबांना पटायला महिना लागला. शेवटी खोका आला त्या दिवशी काकांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, आणि कुणीतरी 'मुलगा की मुलगी' असं विचारलं तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "सवत."

खोक्यात एक जाडजूड पुस्तक, एक मोठी काळी फ्लॉपी आणि लायसनचा करार होता. हा करार जगात कुणी वाचत नाही असं तुमचे बाबा सांगतात. काकांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. अडलेल्या शब्दांसाठी माझ्याकडे येत, मी सांगितलेला अर्थ पेन्सिलीनं बारीक अक्षरात शब्दावर लिहीत, आणि प्रत्येक पानाखाली सही करत. एका कलमात लिहिलं होतं की हा प्रोग्रॅम एका वेळी एकाच व्यक्तीनं वापरावा. त्याचा परिणाम असा झाला की तुमच्या बाबांना, ते तेव्हा कॉलेजात होते, एखादं बटण दाबून बघायची इच्छा झाली तर काका आधी खुर्चीवरून उठत, चष्मा काढून घडी घालत, गॅलरीत जाऊन मिठागरांकडे तोंड करून उभे राहत आणि तिथून म्हणत, "हां, आता वापर." बाबांचं झालं की ते आत येत, चष्मा लावत, आणि वापरकर्ता बदले. संध्याकाळी बघ्यांची गर्दी झाली की ते बजावत, "वापरणारा मी. तुम्ही सगळे नुसते बघताय, हे लक्षात असू द्या."

या कडकपणामागे एक जुनी जखम होती. गिरणीत असताना त्यांनी एका साडीसाठी किनार काढली होती: मान मागे वळवून बघणारा मोर, आणि त्याच्या चोचीत एकच मोती. महिनाभर त्या मोत्यावर काम चाललं होतं म्हणे. साडी बाजारात आली आणि पाठोपाठ कुठल्याशा मागवाल्यानं तीच किनार उचलून निम्म्या भावात विकायला काढली, त्यातही मोती गाळून. "चोरायचा तर पुरा तरी चोरावा," असं सांगताना काका अजून कासावीस होत. त्यामुळे क्लासचा मालक, अगदी भला माणूस, त्यांना जेव्हा जेव्हा रस्त्यात गाठून म्हणे, "अंकल, क्यूँ टेन्शन लेते हो? नया व्हर्जन मेरे पास पडा है. खाली फ्लॉपी लाओ, चाय पिओ, लेके जाओ," तेव्हा काका त्याचा हात हातात घेऊन आपल्या खास हिंदीत सांगत, "भाई, चोरी के दरवाजे में से मेरी नात घर में नहीं आयेगी." मालक चहा मात्र पाजून सोडी.

आणि दसरा. आमच्या शाळेत पाटीपूजन, रिक्षावाल्यांच्या रिक्षांना झेंडूच्या माळा, तशी काकांच्या घरी कॉम्प्युटरची पूजा. पाटावर गिरणीतला जुना ब्रश, चौकटीचा कागद, जाडजूड पुस्तक, आणि मधोमध, मानाच्या जागी, ती काळी फ्लॉपी. तुम्ही ती पाहिली नसेल. पापडाएवढी, चौकोनी, मधे गोल भोक, आणि एका बाजूला एक लांबट खाच, तिच्यातून आतली चकती दिसे. काका आधी हळद आणि मग कुंकू अनामिकेनं नेमकं त्या खाचेत लावत. जात्यात जिथून दाणे घालतात तिथे कुंकू लावतात, तसं. वर अक्षता. वर्षभर फ्लॉपी कपाटात असे, कारण प्रोग्रॅम एकदा मशीनमध्ये उतरवला होता आणि चालत होता. दरवर्षी मी त्या पूजेला जात असे, प्रसादाचं खोबरं खात असे, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

काम करायची त्यांची तऱ्हा गिरणीचीच राहिली. आधी रस्त्यावर उभं राहून कागदावर काढायचं, मग घरी येऊन एकेक चौकोन पडद्यावर चढवायचा. सकाळी स्टेशनच्या रस्त्यात मधोमध उभा राहून कागदावर मान घातलेला माणूस दिसला की रिक्षावाले भोंगा न वाजवता बाजूनं काढत. हळूहळू साऱ्या रस्त्याला कळलं की आपण कॉम्प्युटरमध्ये जाणार आहोत. फरसाणवाल्या शेठनं दुकानाची पाटी नवी रंगवून घेतली आणि बजावलं, "काका, मारी दुकान मोटी बनाना हां, बाजूवाले से मोटी." वळणावर समुद्राकडच्या डोंगरी गावाहून बसनं येऊन मासळी विकणारी एक बाई बसे. तिला काकांनी एकदा पडदा दाखवायला घरी आणलं. प्रोग्रॅममध्ये मोजकेच रंग होते. तिनं टोपली दाराबाहेर ठेवली, पदर सावरून पडद्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "टोपली माजी हाय. पन माजं लुगरं लाल हाय, हिरवं न्हाय." काकांनी सांगितलं की लाल रंग टँकरमध्ये संपला. ती म्हणाली, "मग टँकर हिरवा कर. त्याला कोन इचारतंय?" टँकर हिरवा झाला.

असं करत करत स्टेशन, बूथ, फरसाणाचं दुकान, मासळीवाली, म्हशींचा तबेला, टँकरमागची बादल्यांची रांग हे सगळं पडद्यावर आलं. फ्रॉकमधली एक चिमुकली मुलगी त्यातून चालत असे. वाट चुकली की म्हैस मान हलवून तिला परत फिरवी. ती चालत चालत आमच्या बिल्डिंगच्या फाटकापर्यंत आली, आणि तिथे काकांना पुस्तकातलं एक वाक्य आडवं आलं. एका खेळात बत्तीस पडद्यांहून, म्हणजे पडदाभर मावणाऱ्या बत्तीस चित्रांहून, जास्त बसत नाहीत. बत्तिसावा पडदा म्हणजे आमचं फाटक. जिना, वरचा चौक आणि काकांचं दार बाहेर राहिले.

त्यावर बिल्डिंगनं पुष्कळ सल्ले दिले. तुमचे आजोबा म्हणाले, "तबेला काढून टाका, तीन पडदे मोकळे होतील."

"तबेला काढला तर डावीकडे वळायचं हे कसं कळणार?"

"मग बादल्यांची रांग काढा."

"ती आपल्या घरची खूण आहे. टँकर थांबतो ती बिल्डिंग आपली."

काकू आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "स्टेशन काढा. विमानानं येणारी पोर स्टेशनवर कशाला उतरेल?" काकांनी हा सल्ला मात्र दोन दिवस गंभीरपणे विचारात घेतला होता.

शेवटी आहे तेवढा खेळ फ्लॉपीवर घालून मस्कतला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी पाठवला. जावई सुट्टीच्या दिवशी लेकीला आपल्या ऑफिसात नेई आणि तिथल्या कॉम्प्युटरवर ती खेळे. पुढच्याच शुक्रवारी बूथवर काकूंच्या आधी काकांनी फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "आबा, मी फाटकात आले. आता?"

काकांनी भिंतीकडे पाहिलं. लाल आकडे पळत होते. "आता थांब," ते म्हणाले. "दार यायचंय."

तेव्हापासून त्यांच्या आयुष्यात अपग्रेड आलं. नव्या आवृत्तीत शंभर पडदे बसत. कंपनीचा नियमच होता की व्यावसायिक लायसन असलेल्यानं जुनी मूळ फ्लॉपी परत पाठवली की नवी आवृत्ती निम्म्या किमतीत मिळेल. पण ती निम्मी किंमतही काकांच्या व्याजावर चालणाऱ्या घराला चांगलीच मोठी होती. बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात पैसे पडू लागले. काकांनी रिक्षा सोडली, पान सोडलं, रविवारचं वर्तमानपत्र आमचं वाचू लागले. दिवाळीला नवा सदरा घ्यायचा म्हटला की "तो पाव अपग्रेड होतो" म्हणून राहून जाई. घरातली सारी मापं बदलली. फ्रिज म्हणजे दीड अपग्रेड, काकूंची पैठणी एक पुरं, मधुमेहाचं औषध वर्षाला अर्धं. आणि डबा भरत आला की विलायतेहून नवं पत्रक येई: आवृत्ती तिसरी, किंमत इतकी. एका वर्षी रुपयाच असा घसरला की भरलेला डबा नुसता बसल्या जागी रिकामा झाला. "सुटलेल्या बसमागे धावावं तसं झालंय," काका म्हणत, "आणि ड्रायव्हर दर वेळी आरशात बघून थोडा वेग वाढवतो." काकू त्या डब्याला 'सवतीचा फराळ' म्हणत, पण भाजीतून वाचलेली नाणी त्यात टाकताना मी त्यांना कितीदा पाहिलं आहे. बूथवरचं संभाषण ठरलेलं असे. "आबा, दार आलं?" "येतंय." नात पाच वर्षांची झाली, सहाची झाली. मला एकदा ते म्हणाले, "बाई, पोरं मोठी होतात त्याचं काही वाटत नाही. पण ती खेळायची बंद झाली आणि मग दार आलं, तर ते कुणासाठी उघडायचं?"

एका वर्षी अखेर जमलं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात डबा मोजून झाला, ड्राफ्ट निघाला, मी टाइप केलेलं पत्र, करारावरच्या सह्यांची प्रत आणि ती मूळ फ्लॉपी असं पाकीट रजिस्टर टपालानं गेलं. काकांनी जिन्याची चित्रं कागदावर तयारच ठेवली होती. दाराचं चित्र तर त्यांनी इतक्यांदा काढलं होतं की त्यावरची नावाची पाटी, शेजारची दुधाच्या पिशवीची खिळी आणि उंबऱ्यावरची रांगोळीसुद्धा चौकोनांत बसली होती.

दोन महिन्यांनी पाकीट परत आलं. आत ड्राफ्ट, एक सभ्य पत्र, आणि सीलबंद प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी, पिशवीवर 'हाताळू नये' अशी लाल अक्षरं. मी पत्र वाचून मराठीत सांगितलं. कंपनीच्या तपासनिसांना फ्लॉपीच्या आत लाल व पिवळी अज्ञात भुकटी आणि तांदळाचा एक दाणा आढळला होता. फ्लॉपी वाचता येत नसल्यामुळे ती खरी आहे याची खात्री होत नव्हती, आणि म्हणून सवलत देता येत नव्हती. पूर्ण किमतीला मात्र त्यांनी आनंदानं नवी प्रत देऊ केली होती.

"भुकटी?" काका म्हणाले. "हळदीला भुकटी म्हणतात?"

मी उलट टपाली एक लांब पत्र लिहिलं. दसरा म्हणजे काय, त्या दिवशी माणूस आपल्या आयुधांची पूजा का करतो, हे समजावलं. आयुधं या शब्दासाठी आधी शस्त्रं लिहिलं होतं. विलायतेच्या टपालात तसलं काही नको म्हणून खोडून अवजारं केलं. शेवटी लिहिलं की या गृहस्थांनी तुमच्या फ्लॉपीला जेवढा मान दिला तेवढा तुमच्या कुठल्याही गिऱ्हाइकानं दिला नसेल. उत्तर लवकर आलं. पत्र वाचून ऑफिसातल्या सर्वांना फार बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि नियम तोच राहिला होता.

त्या संध्याकाळी काका खुर्चीत बसून होते. कॉम्प्युटर सुरू होता, पडद्यावर फाटक होतं आणि फ्रॉकमधली मुलगी फाटकाबाहेर उभी होती. "आणखी दोन वर्षं," ते म्हणाले, "फार तर अडीच. पुरी किंमत जमेल."

काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अहो, चितारलेलं दार काढायला जेवढे पैसे घालताय, तेवढ्यात खरी माणसं दारात येतील की. तो ड्राफ्ट मोडा आणि तिकिटं काढा."

"जावयांना चालायचं नाही."

"चालेल. लग्नानंतरची पहिली माहेरची खेप माहेरच्या खर्चानं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी सांगते त्यांना."

हा रिवाज कुठल्या गावचा, हे मी विचारलं नाही. लग्नाला तोवर आठ वर्षं झाली होती आणि त्या साऱ्या काळात मी तो ऐकला नव्हता. पण पुढच्या शुक्रवारी काकूंनी बूथवरून तो जावयाला इतक्या ठामपणे सांगितला की त्यालाही तो आठवला.

मे महिन्यात मुलगी आणि नात, दोघी आल्या. काका त्यांना आणायला गेले होते. विमानतळावरून टॅक्सीनं सरळ घरी येता आलं असतं, पण नातीनं आईला आधीच बजावलं होतं की आबांचं घर स्टेशनवरून सुरू होतं. म्हणून टॅक्सी स्टेशनपाशी थांबवली, सामान घेऊन आई रिक्षानं पुढे आली, आणि ती काकांचा हात सोडून चालायला लागली. हे मला काकांनी नंतर सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. सात वर्षांची पोर, कधी न पाहिलेल्या रस्त्यानं पुढे चालली होती आणि जन्म इथे गेल्यासारखी मागे वळून त्यांनाच वाट सांगत होती. फरसाणवाल्या शेठला तिनं नावानं हाक मारली. मासळीवालीपाशी थबकून म्हणाली, "तुमची साडी लाल." मासळीवाली काकांना म्हणाली, "बग, पोरीला ठावं हाय." एकाच ठिकाणी ती अडखळली. तबेला गेल्या पावसाळ्यात तुटला होता, तिथे इमारतीचे खांब उभे राहिले होते. "आबा, म्हशी?" काकांनी खांबांकडे बोट केलं, "इथेच होत्या." तिनं क्षणभर विचार केला आणि डावीकडे वळली.

मी आणि काकू गॅलरीत होतो. ती फाटकापाशी येताना आम्ही वरून पाहिली, खेळातल्यासारखाच फ्रॉक. फाटक उघडं होतं. ती आली आणि उभी राहिली. काका मागून धापा टाकत पोचले. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, ते वर आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "आबा, पुढे नाहीये."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका तिच्याशेजारी उभे राहून दम खात होते. मग म्हणाले, "आहे ग. मला काढता आलं नव्हतं, एवढंच." आणि त्यांनी बोट पुढे केलं. ते धरून ती एकेक पायरी बघत, जणू ती आत्ताच कुणी रंगवतंय अशी बघत, वर आली.

महिनाभर आमच्या मजल्यावर दारं लागलीच नाहीत. मग त्या गेल्या, आणि पुन्हा शुक्रवार सुरू झाले. विलायतेची पत्रकं येत राहिली, आवृत्ती चौथी, आवृत्ती पाचवी. काका ती वाचत, किंमत बघून "बरं" म्हणत, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काकू धोब्याचा हिशेब लिहीत. पण जुन्या प्रोग्रॅमवर काका काहीतरी करत होते. दिवाळीच्या सुमारास त्यांनी नवी फ्लॉपी पाठवली, आणि पाठवण्याआधी मला बोलावून दाखवली. स्टेशन तेच, दुकान तेच. म्हशीही तिथेच, त्या काढायला ते तयार नव्हते. मुलगी चालत चालत फाटकापाशी आली. पडदा बत्तिसावाच होता. फक्त फाटकाच्या आत, वॉचमनच्या स्टुलाशेजारी, एक छोटा माणूस उभा होता. अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळावर सरकवलेला चष्मा.

"दार बसत नव्हतं, बाई," काका म्हणाले. "माणूस बसला. माणसाला जागा फार लागत नाही. हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नाही."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्यामागून काकूही गेल्या. समोर दुसरी माणसं राहतात, चांगली आहेत, त्यांचं दार बहुधा बंद असतं. मिठागरांच्या जागी बेव्हर्ली पार्क वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याचे दिवे दिसतात. ती फ्लॉपी आता कुठल्या मशीनमध्ये जाईल असं वाटत नाही. निनाद, तुझ्या खेळात हवे तेवढे पडदे बसतात म्हणतोस. बसू देत, आणि लायसन रीतसर विकतच घे, मोती गाळून कुणाचं काही घेऊ नकोस. आपल्याकडे आता लिफ्ट आली आहे, पण ती अधूनमधून बंद असते आणि माझे गुडघे अधूनमधून चालू असतात. तरी तुम्ही दोघं याल तेव्हा निघायच्या आधी वेळ तेवढी कळवा. मी खाली फाटकापर्यंत येऊन थांबेन.